डॉर्कस फॉसेटची मयताची बिस्किटं

डॉर्कसमावशीची वही आता माझ्या फडताळात असते. एका बाजूने उघडली की स्वयंपाक, उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की खोकला, गळू आणि मेंढ्यांची पोटफुगी. मधल्या पानांवर दोन्हींची गाठ पडते, तिथे मनुकांचा केक आणि जंतांचं औषध शेजारी शेजारी आहेत. आमच्या खोऱ्यात पूर्वी घरोघरी अशी वही असायची. आता छापील पुस्तकं आली. सगळं औंसात आणि मिनिटांत. आमच्या सुना एक डोळा पुस्तकात आणि एक घड्याळात ठेवून रांधतात, मग दगडासारखं कडक पुडिंग आमच्या पुढ्यात. असो, माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही.

या वहीची एक रीत होती. कृतीखाली ती कुणाच्या हातची ते नाव लिहायचं, आणि समासात, ती कुणी खाऊन चांगली म्हटली त्याची सही घ्यायची. लिहिता येत नसेल तर फुलीसुद्धा चालायची. सगळे समास असे भरलेत. एकच कोरा आहे, मयताच्या बिस्किटांचा.

ही बिस्किटं आमच्याकडे मयताला आलेल्या प्रत्येकाला दारात देतात. पांढऱ्या कागदात दोन-दोन बांधून वर काळ्या लाखेची मोहोर. कागद बांधायचं आणि लाख लावायचं काम तेवीस वर्षं माझ्याकडे होतं. मी सेलिना, चाकं बनवणाऱ्या जोसायाची बायको, पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन इथे आलेली. भाजायचं काम मात्र डॉर्कसमावशीचंच. कुणी गेलं की आधी सुतार आणि मग डॉर्कस फॉसेट, असा आमच्या गावचा क्रम होता.

बाई हाडाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. लग्न केलं नाही. "मला विचारायला आलेल्यांपैकी एकालाही भाकरी आणि केक यातला फरक कळत नव्हता," असं म्हणायची. लोकर कातरायच्या दिवसांत तीस-तीस माणसांचं जेवण एकटीने उतरवायची, आणि मधे कुणी झाकण उघडून बघितलं तर त्याच्या हातावर पळी बसलीच म्हणून समजा. माझ्याही बसली आहे.

बिस्किटांची कृती तिच्या आईची, रेचल फॉसेटची. आईला लिहिता येत नव्हतं. आई बोलली आणि अकरा वर्षांच्या डॉर्कसने लिहून घेतलं. पीठ, लोणी, साखर, चिमूटभर शहाजिरं. शेवटी लिहिलंय, "भट्टी मंद ठेवावी. आत घालून मयताचं गीत सातही कडवी म्हणावं. संपलं की काढावं." तेव्हा घरात घड्याळ कुठलं? आमच्या बायकांची घड्याळं गळ्यातच असायची.

आता भांडणाचं सांगते, कारण या बाईचं अर्धं आयुष्य त्या एका भांडणात गेलं. शिशाची खाण बंद पडली तसं गाव ओस पडायला लागलं. मावशीची धाकटी बहीण केझाया, घरातली किझी, नवऱ्यामागे बर्नलीला कापडाच्या गिरणीत गेली. पुढे आई अंथरुणाला खिळली, तीन वर्षांनी गेली. आईच्या मयताची बिस्किटं डॉर्कसने पहिल्यांदा एकटीने भाजली. किझी बर्नलीहून आली, दारात उभ्या उभ्या एक तोंडात घातलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाली, "ताई, ही आईची नव्हेत गं."

झालं! डॉर्कसला ते तोंडात मारल्यासारखं झालं. "मग पुढच्या वेळी तूच भाज," ती म्हणाली, "आणखी एखादी आई मरायची उरली असेल तर." किझी त्याच गाडीने परत गेली. पस्तीस वर्षं दोघी बोलल्या नाहीत. नाताळला पत्र नाही, किझीचा नवरा गेला तेव्हाही नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तशातल्या दोघी.

पण ते वाक्य मावशीच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. कारण तिला ठाऊक होतं की किझी खरं बोलली. आईचं बिस्किट कटकन मोडायचं, आतपर्यंत कोरडं. हिचं वरून सुकं, आतून मऊ. तिने काय काय केलं नाही! लोणी कमी केलं, पीठ दोनदा चाळलं, शहाजिरं दुसऱ्या गावाहून आणलं. जुनी दगडी भट्टी गेली आणि लोखंडी चूल आली, तेव्हा वर्षभर चुलीला शिव्या घातल्या. जाळ वाढवून बघितला, तर बिस्किटं वरून करपली. लोक मात्र तोंडभरून कौतुक करायचे. त्यावर ती चिडायची.

"मेलेल्याच्या घरी खाल्लेल्याला कुणी नावं ठेवतं का, सेलिना? अन् माझी जीभ माझीच बिस्किटं खाऊन बाटली. आता आईची चव कळणारी एकच जीभ उरली आहे जगात, ती बर्नलीत."

"मग पाठवून द्या की पुडकं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"जमली की पाठवेन. न जमलेली पाठवून पुन्हा ऐकून घेऊ?"

म्हणून तो समास कोरा. तिथे किझीची सही हवी होती. दुसऱ्या कुणाची तिने घेतलीच नाही.

जर्मनांशी झालेली मोठी लढाई संपून चार वर्षं झाली होती. कार्तिक-मार्गशीर्ष म्हणाल तुम्ही, आमचा नोव्हेंबर. बर्नलीहून शेजारणीचं पत्र आलं. किझीच्या छातीत कापसाची धूळ बसली आहे, डॉक्टरने हात टेकले, आणि तिला घरी यायचंय. मावशीने पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "वरच्या खोलीतली गादी बाहेर काढू लाग मला. दमट आहे."

किझी आली ती चादरीएवढी हलकी होऊन. दारात दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडारड होणार. कसली रडारड?

"केवढी म्हातारी झालीस गं ताई."

"आणि तू आरसे विकून खाल्लेस वाटतं. चल, सूप निवतंय."

तीन आठवडे मावशीने तिचं सगळं केलं. बार्लीचं पाणी, अंड्याची खीर, वहीच्या उलट्या बाजूचा मध आणि व्हिनेगरचा काढा. बिस्किटांचा विषय कुणीच काढला नाही. मी एकदा काढू बघितला तर मावशीने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मग एका सकाळी आम्ही दोघी खाली कणीक मळत होतो. वर किझी आपल्याशीच गुणगुणत होती. मयताचं गीत. आजारी माणसाने ते म्हणावं हे काही मला बरं वाटलं नाही, मी जिन्याकडे निघाले. मावशीने माझा हात धरला, कणकेचा हात तसाच.

"थांब. ऐक."

किझी आधी एक ओळ नुसती बोलत होती, सावकाश. मग तीच ओळ गात होती. मग पुढची बोलायची, मग गायची.

मला काही उमगेना. मावशी मात्र पांढरीफटक पडून स्टुलावर बसली. "अगं बाई," ती म्हणाली, "अगं बाई माझे."

मग तिने सांगितलं. पूर्वी चॅपलमधे, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, गीतांची पुस्तकं नव्हती, आणि असती तरी वाचणार कोण? पुढे उभा असलेला माणूस एक ओळ मोठ्याने बोलायचा आणि मग सगळे ती गायचे. सात कडव्यांना पाव तास सहज लागायचा. आई अंथरुणाला खिळली त्याच वर्षी चॅपलमधे हार्मोनियम आला, छापील पुस्तकं आली, आणि वाजवणाऱ्या मास्तरला घरी जेवायची घाई. ओळ बोलायची पद्धत बंद झाली. डॉर्कस तेव्हापासून सगळ्यांसारखी भरभर गायला लागली, आणि जुनं कसं होतं ते विसरून गेली. किझी आधीच बर्नलीला गेली होती. तिच्या कानात गावचं जुनं गाणं तसंच राहिलं.

"पीठ बदललं, लोणी बदललं, चूल बदलली," मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "गीताकडे बघितलंच नाही. देवाच्या गाण्यात कमी-जास्त कोण करणार, असं वाटायचं मला. निम्म्या वेळात काढत होते गं! पस्तीस वर्षं!"

मी म्हटलं, "मग उठा! लोणी आहे, पीठ आहे. तासाभरात वर नेऊन द्या तिला."

ती उठली नाही. आणि ती का उठली नाही ते तिने सांगण्याआधीच मला कळलं. घरात माणूस अंथरुणावर असताना त्या घरात मयताची बिस्किटं भाजत नाहीत. भाजली की माणूस बिस्किटांच्या मागे जातं, असं आमच्याकडे मानतात. पलीकडच्या खोऱ्यातही मानतात. मी हसण्यावारी नेऊ शकले असते, पण माझाही हात पिठाकडे गेला नाही.

"वसंतात बरी होईल ती," मावशी म्हणाली. "मग भाजेन. बागेत बसवून देईन."

दोन दिवसांनी मी वर सूप घेऊन गेले तेव्हा मावशी उशी सारखी करत होती. किझी तिच्याकडे बघत म्हणाली, "ताई, आईची ती बिस्किटं खावीशी वाटतात गं. जमतात का तुला आता?"

मावशी उशीच थोपटत राहिली.

"जमतात."

"मग कर ना चार. मला कसली भीती आहे? मी काय लहान मुलगी आहे आता?"

"तुला नसेल. मला आहे," मावशी म्हणाली. "गप पड. वसंतात देईन."

"हट्टी ती हट्टीच," किझी म्हणाली आणि हसली. हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

जिन्यात मी मावशीला गाठलं. रागच आला होता मला. "अहो, पस्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते ती तोंडाने मागतेय! द्या की!"

"मला आता तिची सही नको," ती म्हणाली. "मला ती हवी आहे." आणि कधी नव्हे ती माझ्यासमोर पदराने... काय म्हणतात ते, एप्रनने डोळे पुसले.

किझी नाताळच्या आधीच्या गुरुवारी दुपारी गेली. मावशी तिचे केस विंचरत होती.

शुक्रवारी सकाळी मी कागद आणि लाख घेऊन पोचले. मावशीने भट्टी मंद केली, ताट आत सरकवलं, हात जोडून चुलीसमोर उभी राहिली. ओळ बोलायची, मग गायची. तिसऱ्या कडव्याला आवाज फुटला, तरी घाई केली नाही. मी तिच्यामागे गात राहिले. सात कडवी संपली तेव्हा खिडकीवरचं दव सगळं ओघळून गेलं होतं.

बिस्किटं निवल्यावर तिने एक उचललं आणि मोडलं. कट्. आतपर्यंत कोरडं. अर्धं तोंडात घातलं, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ चावलंच नाही.

"तुम्हाला काय वाटतं? आईचं आहे?" मी विचारलं.

"मला वाटतं, आहे," ती म्हणाली. "पण मला काय कळतंय?" मग उरलेलं अर्धं हातात घेऊन तिने जिन्याकडे बघितलं. "मागितलं होतं तिने, सेलिना. चारच मागितली होती."

दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी पुडी दिली. सगळे म्हणाले, छान झालीत. नेहमीसारखंच म्हणाले.

मावशी त्यानंतर सहा वर्षं होती. तिच्या मयताची बिस्किटं मी भाजली, ओळ आधी बोलून, मग गाऊन. सुनेने घड्याळ लावून बघितलं, सतरा मिनिटं भरली. ती म्हणाली, वहीत सतरा मिनिटं असं लिहून टाका, आणि समासात तुमची सही करा. मी वही तिच्या हातातून काढून घेतली आणि फडताळात ठेवली.