डब्यातलं मेण

वसईला माणिकपूरच्या लॅबोरेटरीत मी बाटल्या धुवायला लागले तेव्हा माझं काम मागच्या अंगणात होतं. नळ, चिंचेचं झाड, आणि पाच वाजले की भुईगावची एसटी. मला ते बरं होतं. मग मशीन आलं आणि मला आत बसवलं.

हॉस्पिटलातून माणसाच्या गाठीचा बारीक तुकडा बाटलीत येतो. तो तसाच काचेवर ठेवून तपासता येत नाही. आधी स्पिरिटने त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन नावाच्या उग्र औषधाने स्पिरिट काढायचं, मग त्यात गरम पातळ मेण मुरवायचं. गार झाल्यावर तो वडीसारखा घट्ट होतो आणि त्याचे कागदाहून पातळ काप निघतात. हे सगळं पूर्वी हाताने व्हायचं, घड्याळ बघत एका बरणीतून दुसरीत. मशीनवर बरण्या गोलाकार मांडलेल्या असत आणि वर एक दांडा. दांड्याला जाळीची डबी लटकवायची. वेळ झाली की दांडा उठायचा, सरकायचा, डबी पुढच्या बरणीत बुडवायचा. शेवटच्या बरण्यांत मेण, तेही विजेवर गरम राहायचं.

मुंबईत म्हणे हे मशीन संध्याकाळी लावून लोक घरी जातात. आमच्याकडे विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ते दिवसा चालायचं आणि जवळ राखण लागायची. राखण मी. आपोआप चालणाऱ्या वस्तूकडे सकाळी आठपासून बघत बसायचं. पंखा लावायचा नाही, स्पिरिट उडतं. खिडकीला गज. वासाने दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. पेशंट आत शिरून बरण्यांना हात लावतात म्हणून टेक्निशियन जेवायला जाताना बाहेरून कडी घालायचा.

"मी आतून लावते की," मी म्हटलं होतं.

"आणि मावशी, तुम्हाला झोप लागली तर? मी दार तोडू?"

तो मशीनबरोबरच आला होता, दादरचा. गोखिवऱ्याला मावसभावाकडे राहायचा.

एका गुरुवारी मी डॉक्टरांना सांगितलं, मला परत नळावर घाला. सोमवारी बघू म्हणाले. शुक्रवारी ते मुंबईला असायचे.

त्या शुक्रवारी सकाळी डबीत घालायची चिठ्ठी माझ्या हातात आली. तिच्यावर नाव पेन्सिलीने लिहितात, शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. मी चौथी शिकले, वाचता येतं. नाव माझ्या थोरल्या जावेचं होतं, गाव भुईगाव. दोन दिवस माहेरी जाते म्हणून ती घरातून गेली होती. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. तुकडा छातीतल्या गाठीचा, चिंचोक्याहून लहान. तो बिघडला तर तिच्या छातीला पुन्हा सुरी लागणार.

मी टेक्निशियनला म्हटलं, "आज शुक्रवार. दुपारी लाईट जाते."

"गेल्या शुक्रवारी कुठे गेली?"

"गेल्या शुक्रवारी सण होता."

"मावशी, तुम्ही वीज बोर्डात लागलात का?" त्याने बटण दाबलं. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, त्या दिवशी दुपारी लाईट काढून घेत. वसईतल्या कोणालाही ते माहीत होतं. त्याला सांगायला मीच होते, आणि मी बाटल्या धुणारी.

जावेचं नाव मी त्याला सांगितलं नाही. तिने लपवलं होतं, मी कशाला उघडं करू.

एक वाजता तो कडी घालून गेला. थोड्या वेळाने दांडा झायलीनमधून उठला आणि लाईट गेली. डबी हवेत लटकत राहिली. तुकडा वाळला की संपलं. मी डबी काढली आणि हाताने परत त्याच बरणीत बुडवली. पण झायलीनमध्ये फार वेळ राहिला तर तुकडा पापडासारखा तुटतो, हे त्यानेच मला सांगितलेलं. पुढे मेणच हवं, आणि मेणावर साय धरायला लागली होती. खोलीत स्टोव्ह पेटवला असता तर झायलीनसकट मीही पेटले असते.

दार वाजवलं. कोणी आलं नाही. दुपारी समोरची खोली रिकामीच असायची.

खिडकीमागे चहावाल्याची टपरी होती. मी डब्यातली भाकरी रुमालात बांधली, डबा पुसला, मेणाच्या कोऱ्या चकत्या फोडून त्यात भरल्या आणि डबा आडवा करून गजांतून बाहेर काढला.

"आज डब्यात काय, मावशी?"

"मेण. उकळत्या पाण्यात ठेव डबा. आगीवर नको."

"मेणबत्त्या करून चर्चसमोर बसणार वाटतं?"

"तू आधी वितळव. मग बसायचं कुठे ते बघते."

त्याने चहाचं एक गिऱ्हाईक परत पाठवलं, हे मला दिसलं. वितळल्यावर गरम पाण्याचं पातेलं तो खिडकीच्या कट्ट्यावर घेऊन उभा राहिला, डबा त्यातच. मी गजांतून हात घालून डबी त्या मेणात सोडली. पाणी निवलं की तो बदलून आणायचा. मेणही एकदा बदललं. मधल्या वेळात मी गज धरून उभी. दाराकडे तीनदा गेले. कडी तशीच.

टेक्निशियन आला तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याने मशीन पाहिलं, मग खिडकी पाहिली.

"हे कोणी केलं?"

"मशीनने."

त्याने पुढचं काम केलं. शनिवारी काप नीट निघाले. सोमवारी डॉक्टरांनी काच बघितली आणि रिपोर्ट लिहिला. गाठ वाईट होती. जावेला मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, पण तपासणीसाठी दुसऱ्यांदा कापावं लागलं नाही.

मग शुक्रवारचं कानावर गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. मला वाटलं नळाचं सांगणार.

"मशीनजवळ आता तुम्हीच बसायचं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणावर सोडता येणार नाही." मला पाठीची खुर्ची दिली. कडी मात्र काढून टाकली. पण कडी नसून काय, मशीन चालू असताना उठायचं नव्हतंच. त्या खुर्चीत मी सहा वर्षं काढली.

डब्याचा वास गेला नाही. त्यात मी सुयादोरे ठेवते.

जाऊ पुढे बरीच वर्षं जगली. आळूची पानं चिरता चिरता एकदा मला म्हणाली, "मशीन सगळं आपोआप करतं म्हणतात. मग तू गे काय करतेस तिथे दिवसभर?"

"बसते," मी म्हटलं.

"बरं आहे बाई तुझं."