आईने न घेतलेली भाकर

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आई भाजायची. बिनखमिराची, पातळ. आणि ती ताटात घेऊन बाकाबाकावर फिरवायचे बाबा. मला वाटायचं, देव आमच्याच घरचा. पोरवय, दुसरं काय!

बाबा असीरगढच्या शेतकऱ्याचे थोरले. ख्रिस्ती झाले आणि घर तुटलं. इंग्रज नुकतेच गेले होते, पेपरात रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन व्हायचं, आणि आईला धास्ती, की आता हा माणूसही जुन्या घरात विलीन होतो की काय! बाबा हसण्यावारी न्यायचे.

एका दुपारी बाबा शाळेत शिकवत असताना त्यांचा चुलतभाऊ आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, काकू काही वाचत नाही आता. दादाचं नाव घेऊन राहिली सारखी. आजच धाडा त्याला."

"धाडते," आई म्हणाली. त्याला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि दार लोटून तिथेच बसली. "गेले तर सासूबाईंना अग्नी द्यायला लावतील, डोकं भादरतील, परत येऊ देणार नाहीत," ती स्वतःशीच बोलत होती. "पाप आहे, कळतंय मला. पण देव माफ करील." संध्याकाळी बाबांना तिने चहा दिला, निरोप दिला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांना बाजारात तोच भाऊ दिसला. डोकं भादरलेलं. काही विचारायचं उरलंच नव्हतं. "वहिनीला सांगून गेलो होतो," एवढंच तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?" घरी येऊन त्यांनी विचारलं.

"होतं."

बाबा ओक्साबोक्शी रडले. बापाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि फार घाबरले.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पाद्रीसाहेब आले. आईने त्यांना सगळं सांगितलं, देव माफ करील असं म्हटलं होतं तेही. ते म्हणाले, "बाई, चुकून झालं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्ही जाणूनबुजून केलंत, आणि माफी आधीच गृहीत धरलीत. पस्तावा होतो का? त्याशिवाय ती भाकर घेता येत नाही."

"खोटं कशाला बोलू? पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

मला तिचा असा राग आला! अगं, नुसतं हो म्हण की! काय बिघडतंय तुझं?

रविवारी भाकर तिनेच भाजली. गाणं चालू असताना बाबा ताट घेऊन आमच्या बाकाशी आले आणि थांबले.

"घे," ते हळूच म्हणाले. "मी माफ केलंय तुला."

आईने हात पदराखाली घेतले.

"तुम्ही केलंत हो. पण हाका त्या मारत होत्या. त्यांना आता कुठे जाऊन विचारू?"

 गाणं संपलं, मागच्या बाकावरचं कुणीतरी खाकरलं, तेव्हा बाबा पुढे सरकले. आईने पुढे हयातभर ती भाकर भाजली. एक तुकडा तोंडात घातला नाही.