सोमवारी उपवास करणारे घुबड

चहा घेता घेताच सांगतो, म्हणजे कुणी हसले तर ठसका लागला असे समजून मी सोडून देईन. चाळीस वर्षे मुलांच्या निबंधांतील शब्दन् शब्द पारखणाऱ्या माणसाच्या हातून असा प्रमाद घडावा, हे सांगताना आजही जीभ अडखळते.

कर्नाळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून जरा आत, एक ओढा आहे. निवृत्तीनंतर पहाटे पनवेलहून स्कूटरने तिथे जायचे आणि उजाडेपर्यंत नुसते बसायचे, हा माझा परिपाठ. पाण्यावरून धुके असे सावकाश उठते, की ओढाच कूस बदलतो आहे असे वाटावे. तिथल्या उंबरावर मत्स्य घुबड राहते, असे ऐकले होते. काय विलक्षण पक्षी पाहा. इतर घुबडांसारखे निःशब्द उडण्याची त्याला गरज नाही, कारण पाण्यातल्या माशाला पंखांची चाहूल लागत नाही. पायांवर पिसे नाहीत. तळवे मात्र खरखरीत, निसरडा मासा सुटू नये म्हणून. मी त्याला पुस्तकातूनच जीव लावला होता. पाहिले कधीच नव्हते.

आणि एका पहाटे उंबराखालच्या कातळावर खेकड्याचे कवच दिसले. शेजारी माशांचे काटे. मी ते डबीत भरून घरी आणले.

मग वर्षभर रोज सापडेल ते डबीत भरून नेले आणि नोंदी केल्या. आमच्या घरी सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही, त्यामुळे माझी दृष्टी पूर्वग्रहरहित होती, असे मी अभिमानाने मानत असे. मंगळवारी आणि शुक्रवारी कातळ रिकामा आढळे. म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी पक्षी काही खात नाही. श्रावणात महिनाभर एक काटाही नाही. म्हणजे श्रावणात तो स्थलांतर करतो. हे आजवर कुणाच्याच ध्यानात कसे आले नाही, या विचाराने माझी झोप उडाली.

लेख सिद्ध केला. पक्षिमित्र मंडळाने तो वार्षिक अंकात घेण्याचे ठरवले. अट एकच, आधी जागा दाखवायची. प्रश्नपत्रिका सोडल्या तर माझे काहीही छापून आलेले नव्हते. तेव्हा पुढच्याच रविवारी दुपारी दहा-बारा मंडळींना घेऊन मी कातळापाशी उभा होतो. उंबराची सावली पाण्यात झुलत होती. मी कवच उंच धरले.

"या खेकड्याचा तांबडा वर्ण लक्षात घ्या."

मंडळाच्या चिटणीस सुलभाताई जवळ आल्या. "सर, शिजल्यावरच होतो असा. आणि याला हळद कशी लागली?"

"पक्ष्याच्या लाळेचा परिणाम असावा," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. तुमच्यापासून काय लपवायचे?

तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, जरा सरका. जेवाची जागा हाय माजी."

उरणकडची कोळीण होती, हिराबाई. गावोगाव मासळी विकून झाली की इथे भाकर खायची, हा तिचा नेम. रिकामी पाटी ठेवून तिने डबा उघडला. आत तांबडी चिंबोरी, म्हणजे खेकडेच.

मी उंच धरलेले कवच खाली घेतले. "सोमवारी?"

"सोमवारी आमी खात नाय. गुरुवारी बी नाय."

"आणि श्रावणात?"

"श्रावनात कोन खातं? तुमी खाताव?"

"मी कधीच खात नाही."

"म्हनून," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडे वळून, "सकाळी मासळी घेऊन जाताना बगते ना मी. ह्ये रोज माजं उष्टं डबीत भरून नेतान. मला वाटलं, घरी मांजर आसंल."

दहा-बारा माणसे एकाच वेळी ओढ्याकडे तोंड करून खोकू लागली.

"मग घुबड?" सुलभाताईंनी विचारले.

हिराबाईने घास न थांबवता बोट वर केले. दाट पानांत, अर्धे डोळे मिटून, ते बसले होते. खालच्या गलक्याशी आपला काही संबंधच नसावा इतके निवांत.

"कदीपासून हाय थितंच. मास्तर खालीच बगतान."

लेख परत घेतला. हिराबाई मात्र आता एक कवच धुऊन, पानावर ठेवून, माझ्यासाठी मागे सोडते. इतक्या प्रेमाने ठेवलेले टाकून कसे यायचे? पहाटे मी आधी तेच उचलतो. मंगळवारी आणि शुक्रवारी कातळ रिकामा असतो; त्या दोन दिवशी मला घुबड दिसते.