आत्याच्या घरकुलाचं छत

आत्याचं जुनं घर मीच पाडायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी फार शहाणी वाटेन.

लिंबागणेशच्या अलीकडं आमची वस्ती. आत्याचं घर माळवदाचं : दगडमातीच्या भिंती, वर तुळया आणि त्यांवर हातभर माती. पावसात गळायचं, कधी अंगावर विंचू पडायचा. घरकुलाच्या यादीत नाव आलं, पण दुसरी जागा नव्हती. जुनं पाडूनच बांधायचं होतं. आत्या चाचरत होती. मी अंगणात उभं राहून आमच्या संघटनेचं पत्रक खणखणीत वाचलं : ‘पक्कं घर हा हक्क आहे, उपकार नाही!’

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. ते बाजेवर होते. लकव्यानं डावी बाजू गेलेली, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. ते म्हणाले, “थांब...”

“मामा, आता थांबायचं नाही!” मी म्हटलं. जमलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

घर झालं. बुटकं, एकच खिडकी, वर उघडा स्लॅब. एप्रिलात पंखा गरम हवा फेकायचा, लाईट गेली की तीही नाही. एका दुपारी मामांची शुद्धच हरपली. तेव्हापासून चौघं मिळून रोज त्यांची बाज लिंबाखाली नेऊ लागले.

“तवा मोडीत घालते आता,” आत्या म्हणाली. “भाकरी स्लॅबवरच थापते. तू पत्रक वाच, मी भाजते.”

मी तालुक्याच्या हापिसात गेले. साहेब कूलरसमोर बसलेले.

“छत दिलंय ना? कूलर लावा.”

“दुपारी लाईट असते का? आजारी माणूस झाडाखाली न्यावा लागतो, ते घर कागदावर पूर्ण कसं?”

जास्तीचं काही मंजूर नकाशात बसत नाही, एवढंच उत्तर मिळालं. जगण्याच्या हक्कावर मी बोललेच, चांगल्या चढ्या आवाजात. शिपायानं पाणी आणून दिलं.

परत आले तर आत्या चुन्याचं घमेलं घेऊन शिडीवर. खाली लिंबाखालून मामा एकेक शब्द सोडत होते. चुन्याचे दोन हात. त्यावर तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा मांडव, खालून वारा जाईल इतका उंच.

“आख्ख्या वस्तीची माळवदं यांनीच घातल्याली हायेत,” आत्या वरून ओरडली. “इचारलं व्हतंस का कधी?”

नव्हतं विचारलं. लहानपणी त्यांच्याच पाठुंगळीला बसून मी माळवदांवर चढायचे, तरी.

“मामा, तवाच कावून न्हाई सांगितलं?”

“सांगत... व्हतो की.”

घर थंडगार झालं नाही, बसण्याजोगं झालं. मामांची बाज आत आली. पण तुराट्या शेजाऱ्यांच्या, कष्ट आत्याचे, आणि ‘घर पूर्ण’ म्हणून फोटो सरकारी फायलीत. हे मला अजून मान्य नाही. म्हणून नवं पत्रक लिहिलं. छापायच्या आधी आत्यानं बजावलं, “पयलं त्यांला वाचून दाव.”

चुलीपाशी बसून मी वाचू लागले : ‘मागणी एक, प्रत्येक छताला चुना आणि वर सावली. मागणी दोन, मोठी खिडकी.’

मामांनी उजवा हात उचलला. “थांब...”

मी थांबले. आत्याची एक भाकरी भाजून झाली, दुसरी तव्यावर पडली.

“खिडक्या... दोन. समोरा... समोर.”

मी ‘मोठी खिडकी’ खोडली.