परत वाक

"परत वाक. फोटो नीट आला नाही."

मी वाकले होते सासूबाईंच्या पायांवर. बालीगंजच्या मराठी मंडळाचा गणपती, आरतीला जमलेली सगळी ओळखीची माणसं. मोबाइल धरून बोलत होता तो माझा नवरा. बँकेतला मोठा साहेब. लेकीसकट मला घराबाहेर काढलं त्याला बरीच वर्षं झाली. घटस्फोट मात्र देत नव्हता.

मला त्याची सही हवी होती. लेक टेबल टेनिस खेळते. बारा वर्षांची आहे. क्लबची मुलं स्पर्धेला बँकॉकला निघाली होती, सोबत फक्त कोच. आई आणि वडील, दोघांचं संमतिपत्र हवं, तेही नोटरीसमोर. मी म्हणाले, पोरीला मी एकटीच सांभाळते. बंगाली कोच म्हणाला, "दीदी, बाबार शोई लागबेई." वडिलांची सही लागणारच.

मग नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "देतो सही. गणपतीत ये. आईच्या पाया पड, सगळ्यांसमोर."

गेले. आम्ही राहतो त्या बजबजला कामावरून सुटले, तशीच लेकीला घेऊन गाडीत बसले. तिला म्हणाले, मोठ्यांच्या पाया पडतातच, त्यात काय एवढं. हे आठवलं की आजही मान वर होत नाही.

मी वाकले तेव्हा सासूबाईंनी पाय जरा मागे घेतले. "तुमच्यात पद्धत नसेल. डोक्यावर पदर घ्यायचा असतो."

तुमच्यात. म्हणजे कोणात, ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या बापाने जन्मभर लोकांच्या पायांशी बसून चपला शिवल्या. मला शिकवलं ते माझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून. कुणीतरी हसलं. मंडळातलेच वकीलकाका शिक्का घेऊन बसले होते, नोटरी म्हणून. ते मोदक खात राहिले.

मी पदर घेतला आणि त्याच्या फोटोसाठी परत वाकले. हो, दुसऱ्यांदाही.

नवऱ्याने पत्र हातात घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि लेकीकडे वळला. "आता तू. आजीच्या पाया पड. म्हण, आईचं चुकलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे गुडघे वाकायला लागले. माझं पाहूनच शिकली होती.

"उभी राहा!" मी ओरडले. त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं. "तुझी सही नको मला." आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"मग पोरगी जाणार नाही."

"कळतंय मला."

परतीच्या गाडीत लेक खिडकीबाहेर बघत बसली. तिचं मराठी मोडकंतोडकं आहे. बजबज आलं तेव्हा म्हणाली, "माँ, तू दोन बार का वाकली?"

मला वाटलं होतं, बँकॉकचं विचारेल.

तिची टीम गेली. ती गेली नाही. त्या आठवड्यात ती भिंतीवर बॉल मारत राहिली आणि मी दुसऱ्या खोलीत तोंडात पदर कोंबून रडले.

आता अलीपूरच्या कोर्टात अर्ज केलाय. घटस्फोट हवा. मुलीचा ताबा हवा, आणि तिला परदेशी पाठवायला माझी एकटीची सही पुरेल असा हुकूम हवा. माझा वकील म्हणतो, वेळ लागेल, थोडं नमतं घ्या, आपसात मिटवा. मी म्हणाले, माझं वाकून झालंय. लागू दे वेळ.

तारखेला नवरा येईल, सासूबाईही येतील. मी लेकीला सोबत नेणार आहे. तिने मला वाकताना पाहिलंय. आता उभी राहून मागताना पाहू दे.