बाबांच्या अँपचा दबका आवाज

काल रविवारी बाबांचा जुना गिटार अँप, म्हणजे अँप्लिफायर, रिक्षात घालून डोंबिवलीहून कल्याणला काकाकडे घेऊन गेलेलो. असला जड की रिक्षावाल्याने विचारलं, "साहेब, तिजोरी आहे काय?"

थोडं मागचं सांगतो. माझे बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, तरुणपणी एकाच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. नोकऱ्या सांभाळून हां... गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शन्स. काका लीड, म्हणजे गाण्यातले मधले पीस त्याचे. बाबा रिदम, म्हणजे मागे कॉर्ड्स धरून राहणार. दोघांनी एकाच कारागिराकडून अगदी एकसारखे दोन अँप बनवून घेतलेले, व्हॉल्व्हवाले. चालू केल्यावर आधी तापणार, मग बोलणार.

काकाचा अँप आजही जसाच्या तसा आहे. बाबा पडले कंपनीत इलेक्ट्रिशियन, त्यांना कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय चैन पडायची नाही. त्यांनी स्पीकर बदलला, आत कसले कसले कपॅसिटर लावले, आणि आवाज झाला दबका. तोंडात घास असताना कोणी बोलावं तसा. "दादाने चांगल्या मशीनची वाट लावली," हे काकाचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. बाबा नुसते हसायचे.

बाबा गेल्यावर अँप माझ्याकडे आला. माझं ऑफिस घोडबंदर रोडला, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये बसून अँपचे व्हिडिओ बघण्यात मी पीएचडी केलीय... आणि तिथे सगळे एकच सांगतात, ओरिजिनल ते ओरिजिनल. म्हणून ठरवलं, बाबांनी केलेले सगळे बदल काढून टाकायचे. शहाडला जुने रेडिओ, अँप दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे, तो आज घेऊन जाणार होता.

पण मन काही तयार होईना. आतलं सोल्डरिंग बाबांच्या हातचं. एकदा काढलं की गेलं ते... शेवटी म्हटलं, दोन्ही अँप शेजारी ठेवून एकदा नीट ऐकू आणि निर्णय काकाच्या कानावर सोडू.

काकूने दारातच बजावलं, "आवाज बेताने रे, खालच्या आजी दुपारी झोपतात." काकाने आधी स्वतःचा अँप लावला आणि त्याचा तो ठरलेला पीस वाजवला. कसला सुटला! काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसा स्वच्छ. मग तीच गिटार, तोच पीस, बाबांच्या अँपवर... सगळे सूर गोधडीत गुंडाळलेले. ट्रेबल वाढवला, बास कमी केला, स्पीकर भिंतीपासून लांब घेतला. शष्प फरक नाही.

"बघ, मी काय सांगत होतो!" काकाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मावत नव्हता. मला राग आला, खोटं कशाला बोलू. काकाचा नाही, बाबांचाच. कशाला हात लावलात म्हणून.

मेकॅनिकला नक्की ये असा मेसेज टाकला. काका चहा प्यायला बसला. मी माझी गिटारही नेलेली, ती बाबांच्या अँपला जोडून उगाच कॉर्ड्स वाजवत बसलो. शेवटचं म्हणून. बाबा वाजवायचे तसा साधा रिदम. आता समोर कोणी रिदम धरल्यावर काकाला कुठलं राहवतंय! कप खाली ठेवला आणि त्याच्या अँपवर त्याने वरून लीड सुरू केला.

आणि... काय सांगू! दोन्ही आवाज असे एकमेकांत बसले की मी दचकलोच. माझा एक कॉर्ड त्याच्या एका सुराच्या आड येत नव्हता. मघाचा तो दबका आवाज सतरंजीसारखा खाली पसरलेला आणि काकाचा लीड वर मोकळा फिरतोय. काकू कणकेच्या हाताने बाहेर आली. "अगंबाई, अगदी तुमच्या प्रोग्रामसारखं!"

म्हणजे आम्ही दोघं शहाणे दुपारभर रिदमच्या अँपवर लीड वाजवून त्याला नापास करत होतो.

मी हसायला लागलो, पण काका हसला नाही. गिटार मांडीवर तशीच. मग हळूहळू बोलायला लागला. तो ऑर्केस्ट्रात नवीन असताना मालकाने सांगितलेलं की दोन गिटारचा नुसता कालवा होतोय, एकालाच ठेवणार. ठेवणार होता अर्थात बाबांना, ते जुने आणि पक्के. पण पुढच्या प्रोग्रामला कालवा झालाच नाही. मालक स्वतः काकाच्या पाठीवर थाप मारून गेला आणि दोघंही राहिले.

"दादाने अँप त्याच आठवड्यात उघडलेला रे," काका म्हणाला. "मी त्याच्यावर ओरडलोसुद्धा. आणि मला आपलं वाटत राहिलं, माझा हात सुधारला."

एवढं बोलला आणि ढसाढसा रडला. मीही रडलो. काकूने आम्हाला रडू दिलं, मग पोळ्या करायला आत गेली.

मेकॅनिकला नको म्हणून कळवलंय. अँप मात्र काकाने परत आणू दिला नाही, म्हणाला दोन्ही इथेच राहू देत, तू येत जा वाजवायला. मी लगेच हो म्हटलं.

बाबांनी हे आयुष्यात कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. थँक यू, बाबा... काल तुमचा धाकटा भाऊ दिवेलागणीपर्यंत वाजवत होता आणि त्याचा सूर न सूर ऐकू येत होता.