न्यायला येतो

आता काय आणि कसं सांगू तुम्हाला! तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, आणि माझी चूक मात्र निम्म्या शहापूरनं कानाला लावून ऐकली.

वैशाखरे गावचा दत्तू माझा जुना मित्र. मुरबाडपर्यंत प्रवासी जीप चालवायचा. मोबाइल कंपनीनं त्याच्या गळ्यात एक नवी सेवा मारली होती : फोन करणाऱ्याला गाण्याऐवजी तुमचाच आवाज ऐकू येणार. दत्तूनं प्रवाशांसाठी घसा खाकरून आवाज भरला, "दत्तू बोलतोय. हाय तितंच थांबा. न्यायला येतो."

मग दत्तू गेला. जीप मुलानं चालू ठेवली. नंबरही चालूच ठेवला, हे मला कुठं ठाऊक?

एका भर दुपारी दत्तू सुताराला फोन लावायला गेलो आणि बोट वरच्या ओळीवर, दत्तू जीपवाल्यावर पडलं. घरात कुणी नाही, बाहेर पान हलत नाही. कानात कुणीतरी खाकरलं. मग सावकाश, "दत्तू बोलतोय. हाय तितंच थांबा. न्यायला येतो."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी फक्त खुर्चीवरून पडलो. फोन बंद करायच्या घाईत सापडेल ते बटण दाबलं. लगेच कंपनीचा संदेश आला. असले संदेश न वाचता पुसायचे, हा माझा नियम!

त्याच दिवसांत आमच्या माधुरीचं डोळखांबचं स्थळ जमत आलं होतं. मुलाची आत्या फोनवर होकार कळवणार होती. घरातल्या सगळ्यांचा जीव त्या फोनात.

फोन वाजायचा. दोनदा. मग गप्प. उलट लावला तर कुणी उचलायचं नाही. बाजारात ओळखीची माणसं नमस्कार करताना माझ्या पावलांकडे बघू लागली. कशाला? उलटी आहेत का ते! घरी येऊन मीही एकदा बघून घेतली.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतःच आल्या, सोबत दोन धिप्पाड भाऊ. तिघंही उंबऱ्याबाहेरच उभी.

"तुमी जिते हाव ना?"

"आहे की!"

"मंग तुमच्या फोनात ह्यो दत्तू कोन बसलाय? मला म्हनतो, न्यायला येतो! आत्ता कुठं माजा गुडघा बरा झालाय!"

"अहो, माझ्या फोनात कुणी नाही."

"नाय? ह्ये ऐका!"

त्यांनी तिथूनच माझा नंबर लावला. माझ्या हातातला फोन थरथरला, आणि त्यांच्या फोनातून दत्तू खाकरला.

भाऊ दोन पावलं मागं सरकले. मी चार.

माधुरीनं फोन हिसकावला. "बाबा, दत्तूकाकांना फोन लावून स्टार दाबलात? स्टार दाबलं की समोरच्याची धून आपल्याला लागते. कंपनीची कमाई त्याच्यावरच!"

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे... स्टार दाबायचं नसतं?"

"तू पन दाबलंस?" थोरला भाऊ ओरडला. "तरीच! काल तुला फोन केला, तर पुरुष बोलला. आमी म्हटलं, बाय गेली हातची!"

आत्याबाई मुकाट्यानं आत येऊन बसल्या. पाणी प्यायल्या. माधुरीनं दोन्ही फोनांवरून दत्तूला मोकळं केलं, तेव्हा म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय. आमाला पसंत. पन एक अट. फुडली बोलनी पोरीच्या आयशीसंगं. तुमी फोनला हात लावायचा नाय."

पत्रिकेत वधुपिता म्हणून माझं नाव ठळक छापलंय. खाली नंबर मात्र बायकोचा.